बाविसावं जनावर

“पण गॅस आहे, बाबा. टाकी फुगलीय, काटा वर आहे. मग पेटत का नाही?”

निशिकांत घोलपने हे तिसऱ्यांदा विचारलं. भिवाबाबा एका वासराच्या कानातल्या गोचिड्या काढत बसले होते. त्यांनी एक काढली, दगडावर ठेवली आणि दुसरी शोधू लागले.

“मला काय विचारतोस?” ते म्हणाले. “इंजिनेर तू.”

खिरोळ्याच्या माळावर बाबांचा मठ आहे. मठ म्हणजे त्यांच्या गुरूंची समाधी, पत्र्याच्या दोन खोल्या, आणि या सगळ्याहून मोठा गोठा. गोठ्यात भाकड गाई, म्हाताऱ्या म्हशी, कुणी कुणी सोडून दिलेली खोंडं. मी तिथे पोथ्यांची नक्कल करायला म्हणून चार महिन्यांसाठी गेलो होतो, आणि राहिलो दीड वर्ष. त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

निशिकांत पुण्याहून आला होता. मोठमोठ्या कारखान्यांत यंत्रं उभी करणारा माणूस. हुशार, कामसू, आणि ते दोन्ही स्वतःला पुरेपूर माहीत असलेला. त्याला बाबांचा अनुग्रह हवा होता. म्हणजे गुरूने शिष्याला जवळ घेऊन कानात मंत्र सांगायचा, तो. बाबांनी उभ्या आयुष्यात तो तिघांनाच दिला होता, आणि त्यातला एक पुढे विम्याचा एजंट झाला.

निशिकांतने मागितला तेव्हा बाबा म्हणाले होते, “कडबाकुट्टीची मोटर दोन वर्षं पडून आहे. या माळावर विजेचा भरवसा नाही. पोरं कोयत्यानं चारा तोडून तोडून मेली. ती मोटर फिरव. मग बघू.”

‘मग बघू’ याचा अर्थ निशिकांतने ‘मग देतो’ असा घेतला. शिकलेल्या माणसाला असे अर्थ चटकन सापडतात.

पण काम त्याने मन लावून केलं, हे कबूल करायला हवं. गोठ्यामागे जमिनीत मोठी टाकी बांधली. गोठ्यातून तिथवर नाली काढली. शेण, मूत, धुण्याचं पाणी, सगळं त्या नालीतून टाकीत. आत ते कुजायचं, त्याचा गॅस व्हायचा, गॅसवर इंजिन चालायचं आणि इंजिनावर जनरेटर. दोन महिन्यांनी बर्नरवर निळी ज्योत धरली तेव्हा हा माणूस लहान मुलासारखा नाचला होता. त्याच दिवशी त्याने उद्घाटनाची तारीख ठरवली, पत्रिका छापल्या, जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांना बोलावलं.

त्यानंतर ज्योत रोज थोडी थोडी मलूल होत गेली. आज ती धरलीच नाही. आणि उद्घाटन चार दिवसांवर.

“सगळं तपासलं, बाबा. नळ्या, झडपा, बर्नर, सगळं. माझ्या बाजूने काहीच चूक नाही.”

“हं.”

“मला वाटतं, शेणच बरोबर नाही.”

बाबांनी वासराचा कान सोडला. त्याच्या मानेवर थोपटलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठले आणि गोठ्याच्या मागे चालू लागले. निशिकांत त्यांच्या पाठोपाठ. जाता जाता त्याने खिशातला रुमाल काढून नाकावर बांधला. गोठ्याकडे वळला की तो रुमाल बांधायचा, आणि परत फिरला की सोडायचा. इतक्या महिन्यांत हे कधी चुकलं नव्हतं.

बाबा टाकीच्या तोंडाशी उकिडवे बसले. बाही वर केली. कोपरापर्यंत हात आत घातला आणि मूठभर शेणकाला बाहेर काढला.

मग दुसऱ्या हाताने त्यांनी निशिकांतच्या नाकावरचा रुमाल खाली ओढला.

“हुंग.”

निशिकांत मागे सरला.

“हुंग म्हटलं ना.”

त्याने डोळे मिटून नाक पुढे केलं… मग डोळे उघडले. पुन्हा हुंगलं.

“कशाचा?” बाबांनी विचारलं.

निशिकांतने तिसऱ्यांदा हुंगलं.

“आरं, कशाचा वास?”

“…फिनेलचा.”

बाबांनी मूठ परत टाकीत सोडली.

“किती घातलं?”

“रोज एक कॅन. गोठा धुवायला. आठ दिवस झाले.”

“कुणी सांगितलं?”

निशिकांत माझ्याकडे बघू लागला. मी आभाळाकडे बघू लागलो.

“मीच,” तो म्हणाला. “पाहुणे येणार आहेत. म्हटलं, वास येता कामा नये.”

हाताला लागलेलं शेण बाबांनी टाकीच्या कडेला नीट पुसलं.

“घोलप, आपल्या गोठ्यात जनावरं किती?”

“एकवीस.”

“बावीस.” बाबांनी टाकीकडे बोट दाखवलं. “हे मोजलं न्हाईस. हेही दोन्ही वेळचं खातं, ढेकर देतं, मागून टाकतं. तू त्याला आठ दिवस फिनेल पाजलंस.”

“बाबा, ते जिवाणू असतात. शेणातच असतात. जळणारा गॅस तेच करतात; ते मेले की उरतो तो पेटत नाही. मला माहीत आहे ते.”

“माहीत व्हतं?” बाबांना खरंच नवल वाटलं. “आणि तरी पाजलंस?”

यावर निशिकांत मटकन खाली बसला, पँटची पर्वा न करता. मला त्याची मनापासून दया आली. चूक अडाण्याकडून झाली तर ती झाकता येते. त्याला तर तेवढीही सोय नव्हती.

गोठ्यात वासरू हंबरलं.

“म्हणजे सगळं उपसायचं,” निशिकांत अखेर म्हणाला. “पंप लावून. नवीन शेण भरायचं. पण नुसत्या शेणाने परत दोन-तीन महिने जातील. चालू टाकीतला काला मिळाला तर लवकर जीव धरेल. शहराकडे एका डेअरीचा मोठा प्रकल्प आहे. तिथून टँकर मागवतो.”

“किती लांब?”

“नव्वद किलोमीटर.”

“आणि कडूबाईची टाकी?”

निशिकांतने मान खाली घातली.

कडूबाई शेळके म्हणजे माळाच्या पायथ्याची बाई. दोन म्हशी, एक गाय, आणि परसात जुना गोबरगॅस. अकरा वर्षं तिची चूल त्याच्यावर चालली होती. निशिकांत नवा नवा आला तेव्हा गावाच्या बैठकीत, शंभर माणसांदेखत, तो तिला म्हणाला होता, “मावशी, तो खड्डा बुजवून टाका. त्याचे दिवस गेले.” तिने फक्त पदर सारखा केला होता.

“कडूबाईचं घर किती लांब?” बाबांनी पुन्हा विचारलं.

“अर्धा किलोमीटर.”

“मग?”

“ते जास्त लांब आहे, बाबा.”

बाबा पहिल्यांदाच हसले. दात नसलेलं, मोकळं हसू.

“मग आत्ताच निघ,” ते म्हणाले. “पोचायला येळ लागंल.”

आधी त्याने फोन केले. एकेकाला, स्वतः. कार्यक्रम पुढे ढकललाय. का? माझी चूक झाली म्हणून. मोठ्या साहेबांच्या कचेरीतल्या माणसाने दोनदा विचारलं, “कुणाची चूक?” आणि त्याने दोनदा सांगितलं. त्यात दुपार गेली. मग आम्ही दोघं उतरणीला लागलो तेव्हा सूर्य कलला होता.

कडूबाई भाकऱ्या थापत होती. तव्याखाली निळी ज्योत, एकसारखी, फुरफुरणारी. निशिकांतची नजर त्या ज्योतीवर खिळली.

“या साहेब,” कडूबाई म्हणाली. “बुजवायला आलात का?”

“नाही, मावशी. मागायला आलो.”

“काय?”

“तुमच्या टाकीतली… थोडी मळी. माझी टाकी मेलीय. माझ्याच हाताने. तुमची जिवंत आहे. त्यातलं थोडं घातलं तर…”

“इरजण म्हणा की.”

“हो. विरजण.”

कडूबाईने भाकरी उलटली. दारातून बाहेर बघितलं. देवळातला दिवा नुकताच लागला होता.

“दिवेलागण झाली,” ती म्हणाली. “आता न्हाई द्यायची.”

“काय?”

“दिवे लागल्यावर घरातलं इरजण भायेर देत न्हाईत. सकाळी या.”

“मावशी, ते दह्याचं. हे शेण आहे!”

“इरजण ते इरजण. दुभत्याला बाधतं. माझ्या सासूनं दिलं न्हाई, मी बी देत न्हाई.”

पूर्वीचा निशिकांत असता तर त्याने तिला तिथल्या तिथे विज्ञान समजावलं असतं. ते त्याच्या ओठांवर आलेलं मी बघितलं. त्याने ते गिळलं.

“किती वाजता येऊ?” त्याने विचारलं.

“उजाडलं की. आणि भाकरी खाऊन जा. तोंड सुकलंय तुमचं.”

आम्ही दोघांनी पिठलं-भाकरी खाल्ली. तिच्याच गॅसवरची. निशिकांतने तीन भाकऱ्या खाल्ल्या, आणि चौथीला नको म्हणाला ते नुसतं तोंडदेखलं.

सकाळी तो बैलगाडीवर दोन पिंपं घेऊन तिच्या अंगणात उभा होता. कडूबाईने स्वतः पिंपं भरून दिली. भरता भरता सांगत होती, हे विरजण तिने माहेराहून आणलं होतं, दुधाच्या मोठ्या किटलीत, एसटीतून. अर्ध्या वाटेत झाकण सुटलं. कंडक्टरने किटलीसकट खाली उतरवलं. मग चार कोस पायी, डोक्यावर किटली.

“चार कोस?” निशिकांत म्हणाला. “सोडून का नाही दिलीत?”

“आईनं दिलेलं,” कडूबाई म्हणाली. “सोडायचं कसं?”

निशिकांतने पिंपांची झाकणं दोन-दोनदा दाबून बघितली. मग बैलांच्या पुढे न चालता पिंपांना हात लावून मागे चालू लागला, थेट माळावर येईपर्यंत.

जुना काला पंपाने उपसला. आत कुणी उतरायचं नाही, हे मात्र त्याने सगळ्यांना बजावलं; त्या बाबतीत इंजिनियर शाबूत होता. तो काला दूर मुरमाड खड्ड्यात गेला, शेतात नाही. फिनेलचे उरलेले कॅन त्याने ज्या दुकानातून आणले तिथे परत नेऊन दिले. मग ताजं शेण, पाणी, आणि त्यात कडूबाईची दोन पिंपं.

पहिल्याच आठवड्यात त्याचा धीर सुटला. एकवीसही जनावरांचं शेण एकदम टाकीत घालावं, म्हणजे लवकर होईल, असं त्याच्या मनाने घेतलं. तो घमेली भरतच होता, तेवढ्यात कडूबाई आली. ती आता एक दिवसाआड यायची, टाकीच्या तोंडाशी वाकून हुंगायची आणि जायची.

“हे काय?” ती म्हणाली.

“जास्त घालतोय. भूक असेल त्याला.”

“तापातून उठलेल्या माणसाला पुरणपोळी घालता का? आंबंल ते. दोन घमेली. आणि सकाळच्या पारी, ठरल्या येळेला. येळ चुकवू नका त्याची.”

त्याने भरलेली घमेली परत उकिरड्यावर नेली.

मग ते रोजचं झालं. सकाळी सूर्य वर आला की निशिकांत दोन घमेली शेण आणायचा. त्यातल्या काड्या, खडे, प्लॅस्टिकच्या पिशव्या हाताने वेचून काढायचा. पाणी घालून हाताने गाठी फोडायचा. आधी फावडं वापरायचा, पण फावड्याला गाठी समजत नाहीत. रुमाल कधी सुटला ते मला नक्की सांगता येणार नाही. एके दिवशी तो दोरीला लटकत होता, आणि त्यात कुणीतरी मोड आणायला हरभरे बांधले होते.

पंधराव्या दिवशी एक बुडबुडा आला. निशिकांतने मला पोथी सोडून बोलावून नेलं. आम्ही दोघं गुडघे टेकून दुसऱ्या बुडबुड्याची वाट बघत बसलो. तो अर्ध्या तासाने आला. घरात पाळणा हलल्यासारखे आम्ही खूश झालो.

“आज नीट खाल्लं नाही त्याने,” तो कधी जेवताना म्हणायचा. किंवा, “आज थंडी आहे ना, म्हणून सुस्त आहे.” टाकीवर त्याने कडब्याच्या पेंढ्यांची गोधडी केली. बाबा ऐकत राहायचे. फक्त कधी स्वतःच्या ताटातली भाजी त्याच्या ताटात सरकवायचे.

एकदा मी त्याला विचारलं, “अनुग्रहाचं काय झालं रे? बाबांना विचारलंस का परत?”

“अरे हो,” तो म्हणाला. त्याने क्षणभर विचार केला. “राहूनच गेलं. थांब, टाकीच्या मागच्या तोंडाला गाळ आलाय, तेवढा काढून येतो.”

चाळीस दिवस उलटले आणि ज्योत धरली. निळी. निशिकांत या वेळी नाचला नाही. तो कडूबाईला बोलवायला उतरणीवरून पळत गेला.

उद्घाटन दुसऱ्यांदा ठरलं. या वेळी पत्रिका नव्हत्या. छोटा मांडव, सतरंज्या, चहा. मोठे साहेब आले, कारण त्यांना ‘माझी चूक झाली’ म्हणणारा माणूस बघायचा होता; असं त्यांनी स्वतःच गाडीतून उतरता उतरता सांगितलं. गोठ्याला शेणाचा वास होता. साहेबांनी तो एकदा जोरात आत ओढला आणि म्हणाले, “आजोळची आठवण झाली.”

सकाळी दहाला जनरेटर सुरू झाला. कडबाकुट्टीची मोटर दोन वर्षांनी फिरली. पहिल्या पेंढीचा चारा बारीक होऊन खाली पडला, आणि पोरांनी कोयते वर फेकून आरोळी ठोकली. बाबांनी त्यातला ओंजळभर उचलून सगळ्यांत म्हाताऱ्या गाईपुढे धरला.

“घे बाई,” ते म्हणाले. “तुझा चारा तूच कापलास.”

सगळे हसले. टाळ्या झाल्या. कडूबाईला साडी दिली. तिने ती घडी तिथेच उलगडून रंग बघितला आणि पसंतीची मान हलवली. मग साहेबांनी शाल-नारळ हातात घेतला आणि इंजिनियरचं नाव पुकारलं.

इंजिनियर नव्हता.

परत पुकारलं. माणसं मागे वळून बघू लागली. साहेब शाल हातात धरून उभे. बाबा उठले, शाल साहेबांच्या हातातून घेतली आणि गोठ्याच्या मागे निघाले. मी त्यांच्या मागून गेलो.

टाकीच्या तोंडाशी निशिकांत बसला होता. नव्या सदऱ्याच्या बाह्या वर केलेल्या. कोपरापर्यंत हात शेणकाल्यात.

“घोलप,” बाबा म्हणाले, “सगळी खोळंबलीत. शाल घेऊन उभे आहेत लोक.”

“आलोच, बाबा. आज मांडवाच्या गडबडीत याचं खायचं राहिलं. वेळ टळून गेलीय. एवढं एक घमेलं घालतो.”

“साहेब आलेत.”

“पाचच मिनिटं.” तो मान वर न करता म्हणाला. बोटं गाठी फोडत होती. “नाहीतर तुम्हीच घ्या ना ती शाल. पहाटे गार वाऱ्यात बसता.”

मांडवातून कुणीतरी पुन्हा हाक मारली. कडबाकुट्टी चालूच होती. निशिकांतने एक काडी वेचून बाजूला टाकली, मग दुसरी. काला सारखा झाला तसा त्याने तो टाकीत सोडला आणि तो आत उतरेपर्यंत बघत राहिला. चेहऱ्यावर समाधान होतं. काही मिळालं म्हणून नव्हे; पोटचं पोर जेवलं की असतं, तसं.

बाबा त्याच्याकडे बराच वेळ बघत होते… मग त्यांनी शाल घडी करून टाकीच्या कट्ट्यावर ठेवली. गुडघ्यावर हात देत, हळूहळू, ते तिच्या शेजारी बसले.

“इकडं ये. जवळ बस.”

निशिकांतने आपल्या हातांकडे बघितलं. शेण कोपरावरून ठिबकत होतं.

“हात धुऊन येतो, बाबा.”

“हात राहू दे,” बाबा म्हणाले. “कान इकडं कर.”